धरणाच्या तळाच्या सोनार नकाशात एकच भिंत दोन ठिकाणी दिसते तेव्हा

जलाशयात साइड-स्कॅन सोनार (होडीच्या दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून तळाचे चित्र काढणारे यंत्र) घेऊन समांतर फेऱ्या मारायच्या, घरी येऊन प्रत्येक फेरीच्या चित्राचे पट्टे जोडायचे, आणि पाहावे तर साळावली धरणात बुडालेल्या कुर्डी गावातली एकच चिऱ्याची भिंत नकाशात दोनदा उमटलेली. गोव्यातले धरण साळावली असो, अंजुणे असो की चापोली, हा दोष पुन्हा पुन्हा येतो. पहिला संशय सोनारवर जातो आणि महागडा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि परत ऐकणारा, पाण्यात बुडवायचा भाग) बदलायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा ट्रान्सड्यूसर ठणठणीत असतो. बिघाड असतो तो जागा, वेळ आणि दिशा यांच्या हिशेबात, आणि तो शोधायला मोजपट्टी, मल्टिमीटर आणि एक शांत सकाळ पुरते.

लक्षणे

पुढच्यापैकी नेमके काय दिसते ते आधी लिहून काढा. एकाहून अधिक लक्षणे असतील तर सगळी लिहा.

– जातानाच्या फेरीतील वस्तू येतानाच्या फेरीत होडीच्या चालीच्या दिशेने पुढे किंवा मागे सरकलेली आहे.
– वस्तू चालीला आडवी सरकलेली आहे, म्हणजे होडीपासून लांब किंवा होडीकडे.
– पट्ट्याच्या मध्यभागी सगळे जुळते, पण कडेला जुना रस्ता किंवा बांध शिवणीवर तुटतो.
– खोलीच्या नकाशात शेतातल्या सऱ्यांसारख्या समांतर पायऱ्या पडतात.
– आख्खा नकाशा उपग्रह चित्रातील काठापासून सरकलेला आहे, पण आतले पट्टे एकमेकांशी जुळतात.
– चित्रात आडव्या रेघा, ठिपके किंवा मध्येच कोरी पट्टी आहे.
– डावे-उजवे उलटे आहे. काठ डाव्या हाताला असताना तो उजवीकडे दिसतो.

चूक कोणत्या दिशेला आहे, हा सर्वांत मोलाचा सुगावा. चालीच्या दिशेने चूक असेल तर जीपीएसची जागा किंवा वेळ तपासायची. आडवी असेल तर तळरेषा, म्हणजे चित्रात तळ जिथे सुरू होतो ती रेषा. फक्त कडेला असेल तर होडीचे तोंड. उभी, म्हणजे खोलीत असेल तर धरणाची पातळी आणि ट्रान्सड्यूसरची बुड, म्हणजे तो पाण्याखाली किती खोल आहे ते. हे न पाहता सेटिंग बदलत बसले की एक चूक दुसऱ्या चुकीला झाकते, आणि मग गुंता सुटत नाही.

आधी घरी बसून

पहिले, लॉग. पडद्याचे फोटो काढून नकाशा जोडता येत नाही. मूळ लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः नोंदवलेल्या फाइली हव्यात. हमिनबर्डच्या यंत्रात डीएटी आणि एसओएन, लॉरन्सच्या यंत्रात एसएल२ किंवा एसएल३. एसओएन फाइली डीएटीपासून वेगळ्या करून नुसत्या कॉपी केल्या तर नकाशाचे सॉफ्टवेअर त्या उघडत नाही. फोल्डरसकट कॉपी करा. प्रत्येक फेरीचा लॉग वेगळा ठेवा. तासभर सलग रेकॉर्ड केलेल्या लॉगमध्ये वळणेही येतात, आणि वळणावर बाहेरच्या बाजूचा पट्टा ताणला जातो, आतल्या बाजूचा एकावर एक चढतो. वळणे कापून टाकायचीच असतात.

दुसरे, निर्देशांक. गोवा यूटीएमच्या (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर विभागात येतो, डेटम, म्हणजे निर्देशांक मोजायचा पाया, डब्ल्यूजीएस-८४. पट्टे आपापसात जुळतात पण आख्खा नकाशा शंभर मीटरच्या आसपास सरकलेला असेल, तर बहुधा पायाला जुना स्थलदर्शक नकाशा घेतलेला असतो. त्याचा एव्हरेस्ट डेटम वेगळा. सोनारच्या फाइलला हात लावू नका. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जुन्या नकाशाचा डेटम बरोबर सांगा.

तिसरे, वेळ. जागा वेगळ्या जीपीएसवरून घेऊन सोनारच्या लॉगशी नंतर जोडत असाल तर दोन फरक नक्की शोधा. भारतीय आणि जागतिक वेळेतला साडेपाच तासांचा फरक लगेच लक्षात येतो, कारण काहीच जुळत नाही. दुसरा छुपा आहे: जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे चालते. एका फाइलमध्ये ही आणि दुसरीत ती असेल, तर ताशी ५ किलोमीटर वेगाला सुमारे २५ मीटरची चूक होते. जातानाच्या आणि येतानाच्या फेरीत मिळून ५० मीटर. एवढी मोठी आणि एकसारखी सरक दिसली की आधी घड्याळ पाहा.

चौथे, पल्ला (सोनार एका बाजूला किती दूर पाहतो ते) आणि वेग. पल्ला मोठा ठेवला की काम लवकर उरकते असे वाटते. पण ध्वनी तिथपर्यंत जाऊन परत येईपर्यंत यंत्र पुढचा आवाज सोडत नाही. ३० मीटर पल्ल्याला जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ४० मिलिसेकंद. १०० मीटर पल्ल्याला १३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात होडी पुढे सरकते आणि मधला तळ विरळ नोंदला जातो. घरांचे जोते, विहिरीचे कठडे ओळखायचे असतील तर पल्ला एका बाजूला २५ ते ३० मीटर आणि वेग ताशी ४ ते ६ किलोमीटर ठेवा. ध्वनीची वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ पहिल्या पाहणीला. ८०० बारकावे पाहायला, पण त्याचा आवाज गढूळ पाण्यात लवकर विरतो.

फेऱ्यांतील अंतरही इथेच ठरवा. होडीच्या बरोबर खालचा पट्टा साइड-स्कॅनला नीट दिसत नाही. तो भाग शेजारच्या फेरीने झाकायचा असेल तर फेऱ्यांमधले अंतर एका बाजूच्या पल्ल्यापेक्षा कमी हवे. ३० मीटर पल्ल्याला २५ मीटर ठेवा.

पुसा, घट्ट करा, सरळ करा

ट्रान्सड्यूसरवर बोटाचे तेल किंवा शेवाळाचा पातळ थर असला तरी पाण्यात उतरताना हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि चित्र धुरकट होते. भांडी घासायच्या द्रव साबणाने मऊ फडक्याने पुसा. काथ्या किंवा घासणी वापरू नका. ओरखड्यांत बुडबुडे अडकून राहतात.

मग दांडा. होडीच्या कडेला दांडा बांधून ट्रान्सड्यूसर सोडला असेल तर चालत्या होडीत दांडा मागे झुकतो. स्थिर होडीत सरळ दिसणारा दांडा ताशी ६ किलोमीटरला झुकला की सोनारचा पंखाही, म्हणजे पंख्यासारखा पसरणारा ध्वनीचा झोतही, तिरका होतो. दांड्याच्या खालच्या टोकापासून एक पुढे नाळेकडे आणि एक होडीच्या मागच्या टोकाकडे अशा दोन न ताणणाऱ्या दोऱ्या बांधा. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर खाली आणि मोटरच्या पंख्याच्या फेसाबाहेर असावा. वेग वाढवला की चित्र नाहीसे होते आणि हळू केले की परत येते, तर फेसच कारण आहे.

डावे-उजवे तपासायला दोन मिनिटे लागतात. काठ डाव्या हाताला ठेवून समांतर जा. तो पडद्यावर उजवीकडे उगवला तर ट्रान्सड्यूसर उलटा, मागचे तोंड पुढे करून बसला आहे. ही चूक फार फसवी. एका फेरीपुरती ती दिसतच नाही, चित्र सुंदर येते. पट्टे जोडले की मात्र काहीच जुळत नाही.

वीज

आडव्या रेघा आणि ठिपके दिसतात तेव्हा मोटर बंद करून मिनिटभर होडी वाहू द्या. रेघा गेल्या तर त्या मोटरमुळे येतात, बहुधा मोटर आणि सोनार एकाच बॅटरीवर असल्याने. सोनारला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी द्या आणि दोन्ही वायरी एकमेकींपासून दूर न्या. जिथे त्या एकमेकींना छेदणारच तिथे काटकोनात छेदू द्या.

व्होल्टेज बॅटरीवर न मोजता यंत्राच्या टोकाला, यंत्र चालू असताना मोजा. बॅटरीवर १२.४ आणि यंत्रापाशी ११ च्या खाली येत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड गंजला आहे. गोव्याच्या दमट हवेत तांब्याचे जोड हिरवे व्हायला एक पावसाळा पुरतो. व्होल्टेज घसरले की काही यंत्रे क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. कोरी पट्टी तिथेच पडते. फ्यूज एकदा उडाला तर बदला. दुसऱ्यांदा उडाला तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. आत शॉर्ट आहे, यंत्र दुरुस्तीला द्या.

मोजपट्टी: जीपीएस कुठे, ट्रान्सड्यूसर कुठे

चालीच्या दिशेची चूक इथे सापडते, आणि सर्वांत जास्त नकाशे इथेच बिघडतात. म्हणून ही तपासणी घाईत करू नये.

यंत्र जीपीएसची जागा लिहिते, पण आवाज ट्रान्सड्यूसर सोडतो. कयाकवर पडदा आणि त्यातला जीपीएस पायांपाशी, ट्रान्सड्यूसर मागे, मध्ये अडीच मीटर. जीपीएस पुढे असल्याने प्रत्येक वस्तू चालीच्या दिशेने अडीच मीटर पुढे लिहिली जाते. उलट्या फेरीत ती उलट्या दिशेला अडीच मीटर पुढे जाते. म्हणजे एकच भिंत दोन जागी, पाच मीटरच्या अंतराने.

सर्वांत साधा उपाय म्हणजे जीपीएसचा बाहेरचा अँटेना ट्रान्सड्यूसरच्या दांड्याच्या माथ्यावर बसवणे. मग पुढेमागे अंतर उरतच नाही. ते जमत नसेल तर मोजपट्टीने पुढेमागचे आणि डावे-उजवे अंतर मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरा. चिन्ह, म्हणजे अधिक की उणे, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे असते. चिन्ह उलटे पडले तर चूक दुप्पट होते, आणि तेच चिन्ह चुकल्याचे लक्षण.

यात एक दुसरी चूक मिसळलेली असते: विलंब. जीपीएसने मोजलेली जागा लॉगमध्ये पोचेपर्यंत पाव ते एक सेकंद जातो. तेवढ्यात होडी पुढे गेलेली असते, म्हणून वस्तू मागे लिहिली जाते. म्हणजे पुढे बसलेला जीपीएस वस्तू पुढे ढकलतो आणि विलंब तिला मागे ओढतो. एखाद्या वेगाला दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि नकाशा छान जुळतो. वाऱ्यामुळे किंवा मोटर मंदावल्याने वेग बदलला की पुन्हा बिघडतो. काल बरोबर होते, आज का नाही, या कोड्याचे उत्तर बहुधा हेच.

दोन्ही वेगळ्या करायच्या तर अशी चाचणी घ्या. पाच-सहा मीटर खोल, सपाट जागी लोखंडी बादलीत दगड भरून दोरीने तळाशी सोडा आणि वर तरंगता खुणेचा डबा बांधा. पिण्याच्या पाण्याच्या धरणात काम संपताच ती वर काढायची, दोरीचा तुकडाही मागे ठेवायचा नाही. बादलीच्या आठ-दहा मीटर बाजूने, एकाच सरळ रेषेत, जाताना-येताना फेऱ्या घ्या: आधी ताशी ३ किलोमीटरने, मग ७ ने. प्रत्येक वेगाला चार जोड्या, सगळे तासाभरात. जीपीएसची स्वतःची चूक हळूहळू सरकते. थोड्या वेळात काम उरकले तर ती सर्व फेऱ्यांत जवळपास सारखी राहते आणि वजाबाकीत निघून जाते.

आता नकाशावर बादलीच्या जाताना आणि येतानाच्या चित्रांतले अंतर मोजा. त्याचे अर्धे म्हणजे एका फेरीची चूक. समजा ३ किलोमीटरला अंतर ३.३ मीटर आले, म्हणजे चूक १.६५, आणि ७ किलोमीटरला १.१, म्हणजे चूक ०.५५. वेगातील फरक सेकंदाला १.११ मीटर, चुकीतील फरक १.१ मीटर. भागाकार जवळजवळ १, म्हणजे विलंब एक सेकंद. ३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर, तेवढे १.६५ मध्ये मिळवले की जीपीएसचे खरे पुढचे अंतर येते, अडीच मीटर. मोजपट्टीच्या आकड्याशी ते जुळले तर चाचणी पक्की. न जुळल्यास कुठली तरी जोडी वाऱ्यात भरकटलेली आहे. ती काढून पुन्हा हिशेब करा.

जीपीएसमध्ये गगनचे (जीपीएसची चूक कमी करणाऱ्या भारतीय यंत्रणेचे) उपग्रह चालू आहेत की नाही तेही पाहा. उपग्रहांच्या यादीत १२७ किंवा १२८ क्रमांक दिसले पाहिजेत. जागा सेकंदाला एकदाच लिहिणारा जीपीएस असेल तर फेरीच्या रेषेत बारीक पायऱ्या पडतात. सेकंदाला पाच किंवा दहा नोंदी ठेवा.

तळरेषा

आडवी चूक इथे. साइड-स्कॅन जे अंतर मोजतो ते ट्रान्सड्यूसरपासून वस्तूपर्यंतचे तिरकस अंतर असते. सॉफ्टवेअर त्याच्या वर्गातून खोलीचा वर्ग वजा करून, वर्गमूळ घेऊन जमिनीवरचे अंतर काढते. खोली १२ मीटर, तिरकस अंतर २० मीटर, तर वस्तू होडीपासून १६ मीटरवर. पण तळरेषा झाडाच्या शेंड्यावर अडकून ९ मीटर धरली गेली तर तीच वस्तू १७.९ मीटरवर जाते. एका फेरीने ती पूर्वेला ढकलली, पलीकडच्या फेरीने पश्चिमेला, आणि दोन चित्रांत जवळपास चार मीटरचे अंतर पडले.

आपल्या जलाशयांत हे सारखे घडते, कारण धरण भरताना बागायती आणि रानाची झाडे पाण्याखाली गेली, त्यांची खोडे तळाशी उभी असतात. म्हणून लॉग आपोआप काढलेल्या तळरेषेवर सोडू नका. मधल्या काळ्या पट्ट्याची (होडी आणि तळ यांमधल्या पाण्याची) कड पडद्यावर सरकवत पाहा. रेषा जिथे अचानक वर उडी मारते, किंवा उथळ जागी दुपटीवर जाते, तिथे हाताने ओढून बसवा. दोन मीटरहून कमी पाण्यात, कडक तळावर आवाज तळ, पृष्ठभाग, पुन्हा तळ असा फिरतो आणि यंत्र दुप्पट खोली दाखवते. ४ मीटर लिहिले आहे आणि तिथे बांबू दोन मीटरवर टेकतो, तर हाच प्रकार. बांबू बरोबर ठेवाच.

तळ उतरता असेल तर तळरेषा बरोबर असूनही चूक राहते, कारण हिशेब सपाट तळ धरून होतो. वरच्या चढावरची भिंत होडीच्या जास्त जवळ लिहिली जाते. अशा ठिकाणी फेऱ्या उताराच्या दिशेने, वरून खाली आणि खालून वर घ्या, पल्ला आखूड ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांत अंतर राहिले तर जवळून गेलेल्या फेरीवर विश्वास ठेवा.

होडीचे तोंड

मध्ये जुळते आणि कडेला तुटते, तेव्हा होडी जाते एकीकडे आणि तिचे तोंड असते दुसरीकडे. वारा बाजूने असला की होडी तिरकी चालते. सोनारचा पंखा होडीला काटकोनात असतो, चालीच्या रेषेला नाही. १० अंशांचा तिरकेपणा असेल तर २५ मीटरवर ४.३ मीटरची चूक: एका बाजूची वस्तू पुढे, दुसऱ्या बाजूची मागे. जीपीएसच्या अंतराची चूक दोन्ही बाजूंना सारखी आणि एकाच दिशेची असते. या दोन्हींतला फरक ओळखायला एवढे पुरे.

तिरकेपणा वाऱ्याचा की ट्रान्सड्यूसर तिरका बसल्याचा? एकाच रेषेवर जाऊन-येऊन पाहा. जाताना उजवीकडची वस्तू पुढे सरकते आणि येतानाही उजवीकडचीच पुढे सरकते, तर ट्रान्सड्यूसर फिरलेला आहे. तो सैल करून होडीच्या कण्याशी सरळ करा. येताना बाजू बदलली तर वारा.

वाऱ्यावर स्वस्त उपाय म्हणजे वेळ. उन्हाळ्यात गोव्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. फेऱ्या पहाटेपासून दहापर्यंत उरका, आणि शक्य तिथे वाऱ्याच्या दिशेने व विरुद्ध आखा, आडव्या नकोत. खर्चिक उपाय म्हणजे तोंडाची दिशा सांगणारा होकायंत्राचा सेन्सर. तो मोटर, बॅटरी आणि लोखंडापासून मीटरभर दूर बसवा, नाहीतर नवी चूक विकत घ्याल. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे जेमतेम एक अंशाचा फरक आहे. त्यावर वेळ घालवू नका.

खोलीतील पायऱ्या

दोन दिवसांच्या फेऱ्यांमध्ये पायरी पडते, तेव्हा आधी धरणाची पातळी पाहा. साळावलीची पूर्ण भरण पातळी ४१.१५ मीटर, पावसाळ्यानंतर पाणी सतत उतरत जाते. एका दिवशी पातळी ३६.८० आणि पुढच्या खेपेला ३५.६० असेल, तर त्याच तळाची खोली १.२ मीटरने कमी येणारच. रोज काम सुरू करताना आणि संपवताना पातळीपट्टीचा आकडा लिहा, आणि नकाशात खोली न ठेवता तळाची उंची ठेवा: पातळी वजा खोली. मग वेगवेगळ्या महिन्यांतले काम एकमेकांत बसते.

पायऱ्या तरीही राहिल्या तर पाटी सोडून तपासा. ३० सेंटिमीटरची जाड पत्र्याची पाटी, न ताणणाऱ्या तारेला बांधून, बरोबर ट्रान्सड्यूसरखाली २, ४, ६, ८ आणि १० मीटरवर धरा. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, ती नको. पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजा. फरक सगळीकडे सारखा, समजा २५ सेंटिमीटर, तर ट्रान्सड्यूसरची बुड भरायची राहिली आहे. फरक खोलीबरोबर वाढत जातो, तर ध्वनीचा वेग चुकला.

ध्वनीच्या वेगात मोठी चूक एकच संभवते: मांडवी-झुवारीत वापरलेले यंत्र खाऱ्या पाण्याच्या सेटिंगवर राहून जाते. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात वेग सेकंदाला सुमारे १५०९ मीटर, समुद्राच्या पाण्यात १५४० च्या वर. २० मीटरवर अर्ध्या मीटरच्या आसपास खोली जास्त दिसते. ते एकदा बदलले की वर ३१ आणि तळाशी २५ अंश असल्या फरकाने २० मीटरला दहा सेंटिमीटरही चूक होत नाही. छंदाच्या नकाशासाठी त्यामागे लागू नका.

मऊ गाळ हा वेगळा प्रश्न आहे. जांभ्याच्या डोंगरांतून येणारी तांबडी माती ओढ्याच्या मुखाशी पातळ लापशीच्या रूपात साठते. २०० किलोहर्ट्झचा आवाज तिच्या वरच्या थरावरून परततो, ५० चा बऱ्यापैकी आत जातो, बांबू आणखी खाली. तिन्ही आकडे वेगळे आले तर यंत्र बिघडलेले नाही. तळ कशाला म्हणायचे ते तुम्ही ठरवून नकाशावर लिहायचे आहे.

शेवटची पडताळणी

साळावलीत निसर्गानेच पडताळणीची सोय केली आहे. मे महिन्यात पाणी उतरले की कुर्डीतील सोमेश्वराचे देऊळ, घरांचे जोते, जुने रस्ते उघडे पडतात. तेव्हा पायी जाऊन दहा-बारा ठळक कोपऱ्यांवर जीपीएस पाच-पाच मिनिटे ठेवून जागा नोंदवा. पावसाळ्यानंतर ते कोपरे पाण्याखाली असताना सोनारच्या चित्रात शोधा आणि फरक काढा. सगळे कोपरे एकाच बाजूला सरकलेले असतील तर नकाशा तेवढा हलवा. वेगवेगळ्या बाजूंना, पण दोन-तीन मीटरच्या आत असतील तर साध्या जीपीएसची हीच मर्यादा, तिथे थांबा. आणि त्या गावाच्या जमिनीवर वावरताना जपून: ती माणसांची घरे आहेत, मेमध्ये देवळात लोक जमतात. जोत्याचा चिरा हलवू नका, रंगाच्या खुणा मारू नका.

कुठे थांबावे आणि कुणाला बोलवावे

परवानगी नसेल तर सुरुवातच करू नका. धरणे जलस्रोत खात्याकडे आहेत आणि साळावलीचे पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जाते. पेट्रोलची मोटर टाळा. सांडव्याच्या, विशेषतः साळावलीच्या गोल सांडव्याच्या आणि पाणी उचलण्याच्या मनोऱ्याच्या जवळ फेरी नको, चित्र कितीही अपुरे राहो. अडकलेला ट्रान्सड्यूसर सोडवायला पाण्यात उतरू नका. गोड्या पाण्यात मगरी असतात, आणि बुडालेल्या झाडांत दोरी माणसाला धरून ठेवते. दोरी कापा, ट्रान्सड्यूसर जाऊ द्या.

ट्रान्सड्यूसरला तडा गेला असेल, किंवा एका बाजूचे चित्र वायर बदलून, जोड पुसूनही येत नसेल, तर तो उघडायचा नसतो. आत सिरॅमिक चकत्या रेझिनमध्ये बसवलेल्या असतात. बदलावाच लागतो.

चित्रात वाहन किंवा माणसाचा आकार दिसला तर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारू नका. जागा नोंदवा आणि ११२ वर कळवा.

गाळ किती साठला, साठवण किती घटली, बांधाच्या पायथ्याशी खड्डा पडला का, असले प्रश्न आले की हे साहित्य बाजूला ठेवा. अशा आकड्यांवर पाणीवाटप आणि धरणाची सुरक्षितता ठरते. त्याला दोन वारंवारतेचा एको-साउंडर (सरळ खाली खोली मोजणारे यंत्र) किंवा मल्टिबीम (एका वेळी रुंद पट्ट्याची खोली मोजणारे यंत्र), होडीचे हेलकावे मोजणारा सेन्सर आणि सेंटिमीटरमध्ये जागा देणारा आरटीके जीपीएस लागतो, आणि ते चालवणारा प्रशिक्षित जलालेखक, म्हणजे पाण्याखालच्या तळाचे सर्वेक्षण करणारा. भारतीय नौदलाची जलालेखन शिकवणारी संस्था गोव्यातच, वास्कोला आहे, त्यामुळे या कामात मुरलेली माणसे इथे शोधता येतात. धरणांच्या गाळाचा अभ्यास करणारे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे.

जाणकाराला बोलावलेत तर जोडलेला नकाशा पुढे करू नका. मूळ लॉग, रोजच्या पातळीचे आकडे, होडीवर जीपीएस आणि ट्रान्सड्यूसर कुठे होते त्याचे मापांसह रेखाचित्र, बादलीच्या चाचणीचे आकडे आणि कुर्डीच्या कोपऱ्यांच्या नोंदी द्या.